पारा एक सांगतो, अंग दुसरे सांगते

मंडळी, गरम चहा बशीत ओतून आपण त्यावर फुंकर मारतो. चहा लवकर निवतो. पहाटे विहिरीवर आंघोळ करून ओल्या अंगाने वाऱ्यात उभे राहिले की हुडहुडी भरते. अंग पुसून भिंतीच्या आडोशाला गेले की थंडी पळते. हवा तीच, वेळ तीच. जागा तेवढी चार पावलांवर. मग एवढा फरक का पडतो?

आता दुसरी गोष्ट पाहा. मोबाईलवर हवामान बघितले तर तेथे दोन आकडे दिसतात. 'पनवेल, तापमान ३४ अंश' आणि त्याखाली 'जाणवते ४२ अंश'. एका गावाचे, एकाच वेळचे दोन आकडे कसे? त्यांतला खरा कोणता?

दोन्ही खरे. पहिला आकडा हवेचा आहे. दुसरा आपल्या अंगाचा आहे. हा दुसरा आकडा कसा काढतात आणि तो आपल्या काय उपयोगाचा, हे या धड्यात पाहू या.

१. अंग म्हणजे पेटती चूल

आपण भाकरी खातो. पोटात तिचे पचन होते आणि त्यातून ऊब निर्माण होते. म्हणून निरोगी माणसाचे अंग आतून सुमारे ३७ अंश गरम असते. उन्हाळा असो वा हिवाळा, हा आकडा फारसा हलत नाही. तो फार वर गेला तरी जिवाला धोका, फार खाली गेला तरी धोका.

चूल सतत पेटलेली आहे, तेव्हा जादा ऊब बाहेर जायला वाट हवी. ती दोन मुख्य वाटांनी जाते.

पहिली वाट वाऱ्याची. आपल्या कातडीला लागून उबदार हवेचा एक पातळ थर असतो. तो डोळ्यांना दिसत नाही. ते जणू अंगावरचे पातळ पांघरूणच. वारा आला की हे पांघरूण उडवून नेतो. अंग पुन्हा नवा थर तापवते. वारा तोही नेतो. वारा जितका जोराचा, तितकी ऊब जास्त जाते. घोंगडी अंगावर घेतली म्हणजे ती काही आपल्याला तापवत नाही. ती आपलीच ऊब आत धरून ठेवते आणि वाऱ्याला अडवते.

दुसरी वाट घामाची. घाम अंगावर येतो आणि वाळतो. वाळताना तो अंगाची ऊब घेऊन जातो. मातीच्या माठातले पाणी गार होते ते याच कारणाने. माठ पाझरतो, ते पाणी वाळते आणि आतले पाणी गार पडते.

दोन्ही वाटा आपल्या हातावर तपासून बघा. कोरड्या मनगटावर ओठ चिमटून फुंकर मारा. थोडे गार वाटेल. आता मनगट ओले करा आणि तशीच फुंकर मारा. पुष्कळ जास्त गार वाटेल. पहिल्या वेळी नुसता वारा होता. दुसऱ्या वेळी वारा आणि वाळणारे पाणी दोन्ही होते.

भिंतीवरच्या उष्णतामापकाला मात्र अंगची ऊबही नाही आणि घामही नाही. तो फक्त हवा किती तापली आहे ते सांगतो. म्हणून त्याचे सांगणे आणि आपल्या अंगाचे सांगणे जुळत नाही.

२. वाऱ्याचा हिशोब कोणी मांडला

पृथ्वीच्या दक्षिण टोकाला अंटार्क्टिका नावाचा बर्फाचा खंड आहे. तेथे बारा महिने बर्फ आणि भयंकर वारे. पॉल सायपल नावाचा एक अमेरिकन तरुण १९२८ साली बालवीर म्हणून एका मोहिमेबरोबर तिकडे निघाला. पुढे तो शास्त्रज्ञ झाला. १९३९ ते १९४१ या काळातल्या मोहिमेत त्याने आणि त्याचा सोबती चार्ल्स पॅसेल याने एक साधा प्रयोग केला. एका नळकांड्यात २५० ग्रॅम पाणी भरून ते उघड्यावर टांगायचे आणि पाण्याचे बर्फ व्हायला किती वेळ लागतो ते मोजायचे. हवा किती थंड होती, वारा किती होता, हे प्रत्येक वेळी लिहून ठेवायचे.

वारा वाढला की पाणी लवकर गोठत असे. या नोंदींवरून त्यांनी वाऱ्याचा हिशोब बसवला आणि तो १९४५ साली छापला.

पण नळकांडे म्हणजे माणूस नव्हे. त्या हिशोबात थंडी फाजील दाखवली जाई. म्हणून २००१ साली अमेरिका आणि कॅनडा या देशांनी नवे सूत्र केले. त्यासाठी काही स्त्री-पुरुषांना थंड वारा सोडलेल्या बोगद्यात चालायला लावले. त्यांच्या चेहऱ्यावर उष्णता मोजण्याची साधने लावली होती. चेहराच का? कारण थंडीत बाकीचे अंग झाकलेले असते, चेहरा उघडा राहतो.

३. जमाखर्च मांडू या

ते सूत्र म्हणजे किराणा दुकानातल्या वहीसारखा जमाखर्च आहे. घाबरू नका. एक उदाहरण घेऊ.

पारा १० अंश आहे. वारा ताशी २० किलोमीटर वेगाने वाहतो आहे. अंगाला किती थंडी जाणवेल?

वाऱ्याच्या वेगाचा आकडा या हिशोबात जसाच्या तसा येत नाही. त्याचा एक लहान आकडा करून घेतात. तो काढणे पाटीवर जमत नाही, त्याला यंत्र लागते. म्हणून तो तयार घ्यायचा. ताशी १० किलोमीटरला १.४४५, २० ला १.६१५, ३० ला १.७२३ आणि ४० ला १.८०४. याला आपण 'वाऱ्याचा आकडा' म्हणू. आपल्या उदाहरणात तो १.६१५ आहे.

जमेच्या बाजूला तीन रकमा :
पहिली रक्कम ठरलेली. ती १३.१२.
दुसरी रक्कम ०.६२१५ गुणिले पारा. पारा १०, म्हणून ६.२२.
तिसरी रक्कम ०.३९६५ गुणिले पारा गुणिले वाऱ्याचा आकडा. म्हणजे ३.९६५ गुणिले १.६१५. ती ६.४०.
एकूण जमा २५.७४.

खर्चाच्या बाजूला एकच रक्कम :
११.३७ गुणिले वाऱ्याचा आकडा. म्हणजे ११.३७ गुणिले १.६१५. ती १८.३६.

शिल्लक : २५.७४ वजा १८.३६ बरोबर ७.३८.

म्हणजे पारा १० अंश सांगतो, पण उघड्या चेहऱ्याला सुमारे ७ अंशांची थंडी जाणवते. तीन अंश वाऱ्याने खाल्ले.

४. पहिले कोष्टक

दर वेळी एवढा हिशोब कोण करील? म्हणून शास्त्रज्ञ कोष्टक तयार ठेवतात. डाव्या बाजूला पारा शोधा. वरच्या ओळीत वारा शोधा. दोन्ही बोटे सरळ पुढे न्या. जेथे भेटतील तो अंगाला जाणवणारा आकडा. 'उणे' म्हणजे शून्याच्या खाली. जसे शिल्लक संपून वर कर्ज झाले, तसे.

| पारा (अंश) | वारा ताशी १० कि.मी. | २० कि.मी. | ३० कि.मी. | ४० कि.मी. |
|---|---|---|---|---|
| १० | ९ | ७ | ७ | ६ |
| ५ | ३ | १ | ० | उणे १ |
| ० | उणे ३ | उणे ५ | उणे ६ | उणे ७ |
| उणे १० | उणे १५ | उणे १८ | उणे २० | उणे २१ |

शून्य अंशाची ओळ नीट वाचा. पहिल्या १० किलोमीटरच्या वाऱ्याने ३ अंश गेले. पुढच्या १० ने २ गेले. त्याच्या पुढच्या दहा-दहाने एक-एकच गेला. म्हणजे वारा सुरू होतो तेव्हाच तो सर्वांत जास्त लुटतो. आडोसा थोडासा जरी मिळाला तरी ऊब बरीच वाचते, ती यामुळे.

आणखी एक गोष्ट. वारा आपल्यावर येवो, नाहीतर आपण वाऱ्यात शिरो, हिशोब एकच. हवा अगदी शांत आहे, पारा १० अंश आहे आणि एखादा गडी ताशी ४० किलोमीटरने मोटारसायकल हाकतो आहे. त्याच्या तोंडाला ६ अंशांची थंडी लागते. नाशिक जिल्ह्यात निफाडच्या बाजूला हिवाळ्यात पारा कधी कधी ५ अंशांच्याही खाली जातो. तेथे पहाटे दुधाचे कॅन घेऊन निघणाऱ्याने कान, छाती आणि हात झाकावेत ते उगीच नव्हे.

हिमालयात तर हा जिवाचा हिशोब आहे. सियाचीनच्या हिमनदीवर १९८४ सालापासून आपले जवान पहारा देत आहेत. जाणवणारा आकडा उणे २८ च्या खाली गेला की उघड्या कातडीला अर्ध्या तासाच्या आत हिमदंश होऊ शकतो. हिमदंश म्हणजे बोटे, नाक, कान गोठणे. कधी कधी बोटे कापावी लागतात.

५. वारा ओळखायचा कसा

वारा मोजायला यंत्र असते. पण झाडे आणि धूर पाहूनही अंदाज करता येतो.

चुलीचा धूर कलतो, पण पाने हलत नाहीत : ताशी ५ किलोमीटरपर्यंत.
पाने सळसळतात, तोंडाला वारा कळतो : ६ ते ११ किलोमीटर.
पाने आणि बारीक डहाळ्या सारख्या हलतात, निशाण फडकते : १२ ते १९ किलोमीटर.
धूळ आणि कागद उडतात, लहान फांद्या हलतात : २० ते २८ किलोमीटर.
लहान झाडे डोलू लागतात : २९ ते ३८ किलोमीटर.

६. हे गणित कोठे चालत नाही

कुणी विचारील, पारा ५ आहे, वारा ४० आहे, कोष्टक उणे १ सांगते. मग बाहेर ठेवलेल्या कळशीतले पाणी गोठेल काय? नाही. वारा वस्तूला लवकर थंड करतो, पण वाऱ्याची थंडी तिला हवेच्या खाली नेत नाही. पारा शून्याच्या वर आहे तोवर वाऱ्याने पाण्याचे बर्फ होत नाही. जाणवणारा आकडा जिवंत, उबदार अंगासाठी आहे. कळशीसाठी नाही.

दुसरी मर्यादा अशी. हे सूत्र पारा १० अंश किंवा त्याहून खाली असेल आणि वारा ताशी सुमारे ५ किलोमीटरहून जास्त असेल तेव्हाच लावतात. आपले पनवेल खाडीकाठचे. येथे हिवाळ्यातसुद्धा पारा सहसा एवढा उतरत नाही.

मग आपल्याला वाऱ्याच्या थंडीचे भय नाही काय? आहे. ते पावसाळ्यात आहे. भाताच्या लावणीला दिवसभर वाकून काम चालते. कपडे भिजतात, वर वारा सुटतो. ओले कपडे आणि वारा मिळून दोन्ही वाटांनी ऊब नेतात. अशा वेळी पारा २४-२५ असला तरी माणूस काकडतो. कोकणातले जुने इरले याचेच उत्तर होते. ते पाठीवर पाऊसही घेई आणि वाराही अडवी. आता प्लास्टिकचे कापड आले. काम तेच. लहान मूल किंवा म्हातारे माणूस भिजले तर आधी ओले कपडे काढा, अंग कोरडे करा, मग चहा द्या. ओल्या कपड्यांवर घोंगडी टाकून काही उपयोग नाही.

७. पनवेलचे खरे गणित : दमट ऊन

थंडीत वारा आपली ऊब जास्त नेतो, ही तक्रार. आपल्या भागात तक्रार उलटी असते. चैत्र-वैशाखात ऊब अंगाबाहेर जातच नाही.

दुपारी समुद्राकडून जमिनीकडे वारा येतो. शाळेच्या पुस्तकात त्याला खारे वारे म्हणतात. हा वारा गार लागतो, पण येताना पाण्याची वाफ घेऊन येतो. हवेतल्या या वाफेला आर्द्रता किंवा दमटपणा म्हणतात. ती शेकड्यात मोजतात. हवा त्या वेळी जास्तीत जास्त जेवढी वाफ धरू शकते ती शंभर धरायची. प्रत्यक्षात ६० असली तर आर्द्रता शेकडा ६०.

कोरड्या हवेत ओले धोतर चटकन वाळते. दमट हवेत ते वाळता वाळत नाही. घामाचेही तसेच. दमट हवेत घाम येतो, पण वाळत नाही. नुसता अंगावरून ओघळतो. ओघळलेला घाम अंग गार करत नाही. अंगातले पाणी आणि मीठ मात्र जाते. म्हणजे पैसे खर्च झाले आणि माल मिळाला नाही.

या दमट उन्हाचाही हिशोब आहे. रॉबर्ट स्टेडमन या शास्त्रज्ञाने तो १९७९ साली मांडला. पुढे अमेरिकेच्या हवामान खात्याने त्याचे सूत्र वापरात आणले. २०२३ सालापासून आपल्या भारतीय हवामान खात्यानेही असा आकडा प्रयोग म्हणून द्यायला सुरुवात केली. या सूत्रात नऊ रकमा आहेत. म्हणून येथे आपण सरळ कोष्टकच पाहू.

८. दुसरे कोष्टक

| पारा (अंश) | आर्द्रता शेकडा ४० | शेकडा ५० | शेकडा ६० |
|---|---|---|---|
| ३२ | ३२ | ३४ | ३७ |
| ३४ | ३५ | ३८ | ४२ |
| ३६ | ३९ | ४३ | ४८ |
| ३८ | ४३ | ४९ | ५५ |

दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. पारा ३८, आर्द्रता ४० : जाणवते ४३. पारा ३४, आर्द्रता ६० : जाणवते ४२. म्हणजे ज्या दिवशी आपण 'आज चौतीसच आहे' म्हणून निश्चिंत राहतो, त्या दिवशी अंगावर जवळजवळ अडतीस अंशांच्या दिवसाइतकाच भार असू शकतो. हवामान खातेसुद्धा सपाट मैदानी प्रदेशात पारा ४० झाल्यावर उष्णतेच्या लाटेचा विचार करते, पण समुद्रकिनाऱ्यावर ३७ लाच करते. मात्र तो पारा नेहमीपेक्षा निदान साडेचार अंशांनी जास्त असावा लागतो.

आणि हेही ध्यानात ठेवा. हे कोष्टक सावलीतले आहे, तेही मंद वाऱ्यातले. भर उन्हात उभे राहिले तर आणखी ८ अंशांपर्यंत भर पडू शकते.

९. खारघरचा दिवस

१६ एप्रिल २०२३, रविवार. आपल्याच पनवेल तालुक्यात, खारघरच्या मोकळ्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा मोठा समारंभ झाला. लाखो माणसे जमली होती. कित्येक लोक दूरदूरच्या गावांहून आले होते, काही तर आदल्या रात्रीपासून. भर दुपारपर्यंत माणसे उन्हात बसून होती. पारा सुमारे ३८ अंश होता.

३८ हा आकडा विदर्भातल्या माणसाला मोठा वाटत नाही. तेथे उन्हाळ्यात पारा ४५ वर जातो. पण आपल्या कोष्टकात बघा. ३८ अंशांना आर्द्रता शेकडा ४० धरली तरी सावलीत ४३ जाणवतात. उन्हाचे ८ मिळवले की ५१ होतात. त्यात गर्दी. गर्दीत वारा फिरत नाही आणि प्रत्येक अंग म्हणजे एक चूल.

उष्माघाताने १४ माणसे दगावली. अनेकांना रुग्णालयात न्यावे लागले. गेलेली माणसे श्रद्धेने आली होती. म्हणून हा धडा नुसता गणिताचा नाही. अशा दिवशी कोणी तरी आधी दोन आकडे पाहिले पाहिजेत आणि दुपारची वेळ टाळली पाहिजे. लग्न असो, जत्रा असो, सभा असो की गावचे श्रमदान असो. आता तुम्हांला वाचता येते. तो 'कोणी तरी' तुम्ही होऊ शकता.

१०. वारा मित्र की वैरी

"गुरुजी, हे आकडे कशाला हवेत? गरम झालं की अंगाला कळतंच की!" असा प्रश्न रात्रीच्या वर्गात नेहमी येतो. विचारणारे बहुधा वडीलधारे असतात.

"होय बाबा, कळतं. पण उष्माघातात डोकंच आधी गुंगतं. ज्या डोक्यानं ओळखायचं, तेच ठिकाणावर राहत नाही. म्हणून आधी आकडा बघायचा."

दुसरा प्रश्न पंख्याचा. उन्हाळ्यात वारा घेतला की बरे वाटते. हे नेहमीच खरे आहे काय? आपल्या कातडीची उष्णता सुमारे ३५ अंश असते. हवा तिच्याहून थंड असेल तर वारा ऊब नेतो. हवा तिच्याहून गरम असेल तर वारा उलट बाहेरची ऊब अंगावर आणतो. तरीही घाम वाळत असेल तोवर वाऱ्याने फायदा होतो. पण पारा ४० च्या वर गेला की नुसत्या पंख्यावर भिसत राहू नये. तेव्हा अंग ओले करावे, ओला कपडा घ्यावा, गार जागी जावे.

विदर्भात वाळ्याचे ताटवे भिजवून दारात लावतात. कूलरही चांगला चालतो. कारण तेथली हवा कोरडी असते आणि पाणी झपाट्याने वाळते. आपल्याकडे तो कूलर बंद खोलीत लावला तर खोलीत वाफच वाढते. म्हणून येथे खिडक्या समोरासमोर उघड्या ठेवून हवा खेळती राखणे हाच मोठा उपाय. पत्र्याच्या घरात दुपारी म्हाताऱ्यांना आणि तान्ह्या मुलांना कोंडून ठेवू नका. पत्र्यावर भाताचा पेंढा किंवा झावळ्या टाका. झाडाची सावली जवळ असेल तर तेथे खाट टाका.

११. काय करावे

वीटभट्टीवर, मिठागरात, खाणीत, रस्त्याच्या कामावर आणि बांधकामावर राबणाऱ्यांना हे विशेष सांगणे आहे.

जड काम सकाळी लवकर उरका. बारा ते तीन सावलीत राहा. तहान लागण्याची वाट पाहू नका. थोडे थोडे पाणी वरचेवर प्या. घाम फार जात असेल तर ताक, पन्हे, कोकम सरबत किंवा लिंबू-मीठ-साखरेचे पाणी घ्या. डोक्याला पांढरे फडके बांधा. अंगात सैल सुती कपडे घाला. दारू पिऊन उन्हात कामाला जाऊ नका.

कामावर नवा आलेला गडी पहिल्या आठवड्यात जपा. त्याच्या अंगाला उन्हाची सवय झालेली नसते. पहिल्या दिवशी काम कमी, मग रोज थोडे वाढवा. मुकादम दादा, हे ध्यानात घ्या. एकट्याला दूर कामाला लावू नका. दोघे दोघे ठेवा, म्हणजे एकाला भोवळ आली तर दुसरा पाहील.

डोके दुखणे, चक्कर, मळमळ, पायात गोळे येणे ही पहिली खूण. लगेच काम थांबवा. माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, अंग चटका बसेल असे तापले किंवा शुद्ध गेली तर तो उष्माघात. घाम थांबलाच पाहिजे असे नाही. राबणाऱ्या माणसाला उष्माघातातही घाम येत असतो.

अशा वेळी तीन गोष्टी एकदम करा. एकाने १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. दुसऱ्याने माणसाला सावलीत नेऊन कपडे सैल करावेत. तिसऱ्याने अंगावर पाणी ओतत राहावे आणि जोराने वारा घालावा. मान, काखा आणि जांघा येथे ओली फडकी किंवा बर्फ ठेवा. गाडी येईपर्यंत थांबू नका. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. ते श्वासनळीत जाते.

पाहिलेत? थंडीत आपण ज्याच्यापासून पळत होतो, तो ओले अंग आणि वारा यांचा हिशोबच येथे माणसाला वाचवतो.

शब्दांचे अर्थ

कोष्टक : आकड्यांचा रकानेवार तक्ता.
आर्द्रता : हवेतला दमटपणा.
उणे : शून्यापेक्षा कमी.
हिमदंश : अतिथंडीने अंगाचा भाग गोठणे.
उष्माघात : अंगातली उष्णता आवाक्याबाहेर जाऊन जिवाला धोका होणे.
इरले : शेतात पावसापासून बचावासाठी पाठीवर घ्यायचे बांबू-पानांचे आच्छादन.

प्रश्न

१. पारा ५ अंश आहे आणि वारा ताशी ३० किलोमीटर आहे. अंगाला किती अंश जाणवतील?
२. पारा ३६ अंश आहे आणि आर्द्रता शेकडा ५० आहे. सावलीत किती अंश जाणवतील?
३. पारा ३६ अंशच आहे, पण आर्द्रता शेकडा ६० झाली. आकडा कितीने वाढला?
४. पारा ३ अंश आहे आणि जोराचा वारा आहे. बाहेरच्या कळशीतले पाणी गोठेल काय? कारण सांगा.
५. नागपुरात कूलर चांगला चालतो, पनवेलला तितका का चालत नाही?
६. आज मोबाईलवर किंवा वर्तमानपत्रात आपल्या गावचा पारा आणि आर्द्रता पाहा. वहीत लिहा. कोष्टकावरून जाणवणारा आकडा काढा आणि घरात सर्वांना मोठ्याने वाचून दाखवा.

पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे : १) शून्य अंश. २) ४३ अंश. ३) ५ अंशांनी.